सुवर्णप्रपाताची राखणदार

आइसलंड म्हटले की डोळ्यांपुढे बर्फ येते. परंतु त्या बेटाच्या पोटी अग्नी आहे. राजधानी रेक्याविकहून सकाळी पंधरावीस प्रवाशांची लहान मोटारगाडी निघते व तीन स्थळे दाखवून संध्याकाळी परत आणते. पहिले थिंगवेत्लिर. तेथे युरोप व अमेरिका यांचे भूपट्ट वर्षाला सुमारे दोन सेंटिमीटर एकमेकांपासून दूर सरतात आणि त्या ताणाने लाव्हाच्या खडकाला लांबच लांब भेगा पडल्या आहेत. याच खडकांच्या कुशीत इ. स. ९३० मध्ये त्या देशाची लोकसभा प्रथम भरली. दुसरे स्थळ गेसिर. तेथील स्त्रोक्कुर नावाचे कढत पाण्याचे कारंजे दर पाचदहा मिनिटांनी उसळते. तिसरा गुल्फॉस, म्हणजे सुवर्णप्रपात. हिमनदीतून आलेली ह्वीता नदी येथे दोन टप्प्यांत सुमारे १०५ फूट खाली कोसळते. आपल्या सह्याद्रीचा काळा फत्तरही लाव्हाचाच. मात्र तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. तेथील धरित्री अजून घडतेच आहे.

भगिनींनो, हा प्रपात आज पाहावयास मिळतो, त्यामागे एका शेतकरी बाईची कथा आहे. सिग्रीदुर तोमासदोत्तिर या १८७१ साली प्रपाताजवळच्या ब्रात्थोल्त या शेतवाडीत जन्मल्या. शाळेचे शिक्षण नव्हते, पण वाचनाची आवड दांडगी. येणाऱ्याजाणाऱ्यांना प्रपात दाखविण्यासाठी या बहिणींनी खाली उतरणारी पहिली वाट तयार केली.

विसाव्या शतकाच्या आरंभी या पाण्यावर वीज निर्माण करण्याची योजना पुढे आली. प्रपाताच्या मालकांनी, ज्यांत सिग्रीदुरबाईंचे वडीलही होते, तो भाडेपट्ट्याने दिला आणि पट्टा परकीय भांडवलदारांच्या हाती गेला. पट्टा रद्द व्हावा म्हणून बाईंनी आपली शिल्लक खर्चून वकील दिला. रेक्याविक तेथून शंभर किलोमीटरांहून दूर. त्या कामासाठी बाई अनेकदा पायी गेल्या, असे सांगतात. काम सुरू झालेच तर आपण प्रपातात उडी घेऊ, असेही त्यांनी बजावले होते.

न्यायालयात त्यांना यश आले नाही. पुढे भाडे थकले, आणि १९२९ साली पट्टा संपुष्टात आला. तेव्हा कोणी म्हणेल, प्रपात वाचला तो थकलेल्या भाड्यामुळे. बाईंचे श्रेय काय? हिशेबाच्या दृष्टीने आक्षेप खरा आहे. परंतु जी गोष्ट मालकांच्या सहीने मुकाट्याने संपली असती, ती बाईंच्या हट्टामुळे साऱ्या देशाच्या कानी गेली. अशी स्थळे एकट्यादुकट्या मालकाची नसून सर्वांची आहेत, हा विचार तेथे रुजण्यास बाईंचा लढा मोठे निमित्त झाला. पुढे प्रपात सरकारच्या मालकीचा झाला आणि १९७९ साली त्यास कायद्याचे संरक्षण मिळाले.

बाई १९५७ साली वारल्या. त्यांचे वकील स्वेन ब्योर्नसन १९४४ साली आइसलंडचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. प्रपाताकाठी आज स्मारकशिळेवर मुखवटा कोरलेला आहे तो मात्र वकिलांचा नव्हे, सिग्रीदुरबाईंचा.

आपल्याही गावी झरे आहेत, तळी आहेत, देवराया आहेत. त्यांवर संकट आले तर निकाल आपल्या बाजूने लागेलच असे नाही. पण बोलणारे कोणी तरी असावे लागते. ते बोलणे घरातील बाईही करू शकते, एवढे या कथेवरून ध्यानी धरावे.