संगणकाच्या खोलीपासून आईच्या फोनपर्यंत

तत्त्वज्ञानाचा माणूस प्राथमिक शाळेतल्या संगणकावर काय बोलणार, असं काहींच्या मनात आलं असेल. पण मूल कुणाच्या सांगण्यावर विश्वास ठेवतं आणि का, हा आमच्या विषयातला फार जुना प्रश्न आहे. न्यायदर्शनात शब्द हे प्रमाण मानलं, पण कुणाचाही शब्द नव्हे, आप्ताचा. आप्त म्हणजे इथे नातेवाईक नव्हे बरं का. ज्याला विषय कळतो आणि जो खरं सांगतो, तो आप्त. हे जरा लक्षात असू द्या.

आपल्याकडे शाळेत संगणक नेण्याचा पहिला मोठा सरकारी प्रयत्न १९८४ चा. 'क्लास' नावाचा प्रकल्प होता, सुमारे २५० शाळा आणि ब्रिटिश बनावटीचे बीबीसी मायक्रो संगणक. या शाळा माध्यमिक आणि उच्च माध्यमिक. लहान मुलांचा विचार त्यात नव्हता. पुढे नव्वदच्या दशकात उपनगरांतल्या खासगी शाळांनी संगणक कक्ष थाटले. ज्यांची मुलं तेव्हा शाळेत होती त्यांना आठवेल. थंडगार खोली, दाराबाहेर बूट काढायचे, एका यंत्रापुढे दोन-तीन मुलं. शिकवायचं काय, तर कीबोर्डाचे भाग, 'पेंट'मध्ये घर, डोंगर आणि सूर्य, आणि 'सीपीयू म्हणजे काय' याचं पाठ केलेलं उत्तर. फी मात्र वेगळी!

यातली एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. त्या खोलीच्या भिंतीवर सुरक्षेचे नियम असायचे, पण ते मुलांसाठी नव्हते, यंत्रासाठी होते. धूळ आणू नका, खाऊ आणू नका, घरची फ्लॉपी घालू नका. मुलापासून संगणकाला वाचवायचं होतं. संगणकापासून मुलाला काही होईल ही शंकाही तेव्हा कुणाला नव्हती, आणि ते स्वाभाविकच होतं, कारण ते यंत्र बाहेरच्या जगाशी जोडलेलंच नव्हतं.

या विचाराला वेगळं वळण मिळालं ते आपल्या शेजारी, पवईत. आयआयटी मुंबईतल्या प्रा. श्रीधर अय्यर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० च्या सुमारास पहिलीपासूनच्या मुलांसाठी 'कॉम्प्युटर मस्ती' ही पुस्तकमाला केली. तेजस आणि ज्योती ही दोन मुलं आणि त्यांना शिकवणारा मोझ. पुस्तकं कुणालाही वापरता यावीत अशा मोकळ्या परवान्याखाली दिली. मोठेपणा असा, की त्यांनी यंत्राला मधल्या जागेवरून उठवलं आणि तिथे विचार बसवला. एखादं काम पायरीपायरीने मांडायचं, माहिती नीट लावायची, कारण शोधायचं. दात घासण्याच्या पायऱ्या क्रमाने सांगता आल्या तर पुढे 'स्क्रॅच'मध्ये मांजर चालवता येतं. आणि सुरक्षा? पाठ ताठ ठेवा, डोळ्यांना विश्रांती द्या, इंटरनेटवर मोठ्यांना विचारून जा. म्हणजे नियमांच्या यादीत आता मूल आलं होतं.

मग मार्च २०२० उजाडलं. शाळा बंद झाल्या आणि वर्ग आईच्या फोनवर आला. लहान मुलांना किती वेळ बसवायचं यावर राज्य सरकारने मर्यादा घातल्या, ते योग्यच होतं. पण मोजली ती मिनिटं. त्याच फोनवर बँकेचे मेसेज, व्हॉट्सअॅप आणि कुणा अनोळख्याने पाठवलेली गेमची लिंक होती, त्यांचं काय करायचं हे मुलाला कुणी सांगितलं? सांगितलं असेल तर ते 'हे करू नको' एवढंच.

निव्वळ मनाईची यादी देणं मला धोक्याचं वाटतं. ज्या मुलाने नियम मोडून लिंक उघडली, त्याच्याजवळ आता दोन भीती असतात, पलीकडच्या माणसाची आणि आपल्या बाबांची. बहुतेक वेळा दुसरी मोठी असते. मग ते गप्प बसतं, आणि फसवणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं. तिसरीतल्या मुलाला सायबर कायदा कळणार नाही, पण 'हे सांगतोय कोण? याला खरंच माहीत आहे का? खोटं बोलून याचा काय फायदा?' हे तीन प्रश्न त्याला नक्की विचारता येतात. आप्ताची कसोटी याहून वेगळी काय आहे? गोष्टीतला लांडगा आवाज बदलून दार उघडायला सांगतो तेव्हा पोरं ओरडून कोकराला सावध करतातच की. शाळेने एवढंच करावं, की तो प्रश्न त्यांना आईच्या फोनपुढेही विचारू द्यावा, आणि चूक कबूल करणाऱ्याला वर्गाबाहेर उभं करू नये.

२०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा सांगतो, की अठरा वर्षांखालच्या मुलाची माहिती वापरायची तर पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी. चांगलं आहे. पण अंधेरी-बोरिवलीच्या कितीतरी घरांत आजीच्या फोनवर आलेला ओटीपी तिला वाचून दाखवतो तो पाचवीतला नातू. चष्मा सापडेपर्यंत 'मान्य आहे'चं बटणही त्यानेच दाबलेलं असतं.