नदीत मुरलेली औषधं

मराठवाड्याच्या नद्यांमध्ये मांजरेची वाट मोठी वेगळी. बीड जिल्ह्यात, पाटोदा तालुक्यातल्या बालाघाटच्या डोंगरात ती उगम पावते. धनेगावच्या धरणातून लातूरकरांची तहान भागवते, मग बीदरकडे आणि पुढे तेलंगणात जाते. आता ही गेली असं वाटावं, तर तिथे वळण घेऊन ती उत्तरेला फिरते, निजामसागर भरते आणि बिलोली तालुक्याच्या कडेनं वाहत कंदकुर्तीला गोदावरीत मिळते. म्हणजे लातूरची नदी परमुलूख हिंडून पुन्हा नांदेडच्या दारात येते. या फेऱ्यात तिच्या ओटीत काय काय पडलं, तो आजचा विषय.

हैदराबादच्या पश्चिमेला पाटणचेरू ही औद्योगिक वसाहत आहे. तिथलं सांडपाणी ओढ्यांतून नक्कवागूत आणि नक्कवागूतून मांजरेत येत असे. स्वीडनचे संशोधक जोआकिम लार्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रातून बाहेर पडणारं पाणी तपासलं. सुमारे ९० औषध कारखान्यांचं पाणी तिथे येत होतं. २००७ साली निष्कर्ष छापून आले तेव्हा जगभरचे शास्त्रज्ञ चकित झाले. सिप्रोफ्लॉक्सॅसिन ही आपल्याकडे जुलाबापासून लघवीच्या विकारापर्यंत सर्रास दिली जाणारी गोळी. ते औषध त्या पाण्यात लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत होतं. गोळी घेतलेल्या रुग्णाच्या रक्तातही इतकं नसतं. आणि हे प्रक्रिया झालेलं पाणी, बरं का! पुढे ते १८ किलोमीटर लांबीच्या नळानं हैदराबादेत अंबरपेठच्या मैलापाणी केंद्राकडे वळवण्यात आलं. मांजरेचा भार मुसी नदीच्या माथी गेला, इतकंच.

पाण्यात एवढं औषध असेल तर जंतू मरतील, मग बरंच झालं की, असं कुणी म्हणेल. मरतात ते दुबळे. जे तगतात त्यांना मोकळं रान मिळतं. आणि जीवाणूंची एक खोड अशी की, औषधाला पुरून उरण्याची विद्या ते फक्त आपल्या पोराबाळांना देत नाहीत, शेजाऱ्यालाही देतात. १९५९ साली जपानी संशोधकांनी हे दाखवून दिलं. तिथे रक्ती हगवणीचे जंतू एकदम चार-चार औषधांना दाद देईनासे झाले होते. आपल्या आतड्यातले एरवी निरुपद्रवी असणारे जीवाणू नुसत्या संपर्कातून ही विद्या हगवणीच्या जंतूंना देतात, असं आढळलं. या विद्येची पोथी म्हणजे जनुक. ज्या पाण्यात माणसाची विष्ठा, दवाखान्याचं सांडपाणी आणि औषधांचे अंश एकत्र येतात, तिथे या पोथ्यांची देवाणघेवाण जोरात चालते.

धोक्याची घंटा त्याआधीच वाजली होती. पेनिसिलिनचे जनक अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ साली नोबेल स्वीकारतानाच्या भाषणात सांगितलं होतं की, अपुरी मात्रा घेतली तर जंतू औषधाला सरावतील. त्यानंतर दहा वर्षांनी, १९५५ साली, पुण्याजवळ पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये पेनिसिलिन तयार होऊ लागलं. त्या कारखान्यानं वाचवलेल्या जिवांची मोजदाद होणार नाही. औषधं वाईट नव्हेत. ती हवी तशी, हवी तेव्हा घेण्याची आपली सवय वाईट.

नदीवरचा आपला भरवसाही जुना आहे आणि तो अगदीच अनाठायी नव्हता. १८९६ साली अर्नेस्ट हँकिन या इंग्रज शास्त्रज्ञानं दाखवलं की, गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू काही तासांत मरतात, पण तेच पाणी उकळलं की हा गुण जातो. जीवाणू खाणारे विषाणू त्यामागे असावेत, असं पुढे मानलं गेलं. पण लाखोंच्या शहरांचं मैलापाणी पचवण्याची ताकद त्यांच्यात कुठून येणार?

कारखाना नसला तरी नदी सुटत नाही. पुण्याच्या मुठेचा गाळ तपासणाऱ्या संशोधकांनी २०१७ साली लिहिलं की, शहराच्या वरच्या अंगाला होती त्याच्या ३० पट प्रतिकार-जनुकं शहरातल्या गाळात होती. प्रकार १७५. शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवलेल्या औषधांना निकामी करणारी जनुकंही त्यांत होती. हरिद्वार-ऋषिकेशला यात्रेच्या दिवसांत अशी जनुकं कित्येक पटींनी वाढतात, असं २०१४ साली प्रसिद्ध झालं. नाशिकच्या २०१५ च्या सिंहस्थात गोदावरीतली जीवाणूंची सारी वस्तीच बदलल्याचं संशोधकांना आढळलं.

स्नान करणाऱ्याला याचं काय? बहुधा त्या दिवशी काहीच नाही. बुडी मारताना घोटभर पाणी पोटात जातं आणि जंतू आतड्यात गुपचूप बिऱ्हाड करतो. इंग्लंडमध्ये समुद्राच्या लाटांवर फळीनं खेळणाऱ्या १४३ जणांची तपासणी झाली. त्यांतल्या १३ जणांच्या पोटात औषधाला न जुमानणारे जीवाणू सापडले. न खेळणाऱ्या १३० जणांत असे फक्त ४ होते. ही माणसं आजारी नव्हती. पंचाईत होते ती पुढे कधी शस्त्रक्रिया झाली, बाळंतपणात ताप आला, लघवीला जळजळ झाली तर. तेव्हा डॉक्टर एकामागून एक औषध बदलतात आणि ताप उतरत नाही.

नांदेडला घाटांवर पर्वणीला गर्दी लोटते, गुरुद्वाऱ्याला देशोदेशीचे यात्रेकरू येतात, गोदावरीचं पाणी रोज गागरीतून तख्त साहिबला नेलं जातं. हे थांबावं असं कोण म्हणेल? पण आपल्या नद्या उन्हाळ्यात आटतात, हे विसरून चालणार नाही. २०१६ साली मांजरा धरण कोरडं पडलं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. अशा दिवसांत पात्रात उरतं ते मुख्यतः गावांचं सांडपाणी. त्याची तीव्रता कमी करायला दुसरं पाणीच नसतं.

आंघोळीच्या पाण्यासाठी आपल्याकडे मापदंड आहे. विष्ठेतले जीवाणू १०० मिलिलिटरमध्ये ५०० पर्यंत असावेत, फार तर २,५००. पण ते औषधाला दाद देतात की नाही, याचा रकाना त्यात नाही. कारखान्यांच्या सांडपाण्यात अँटिबायोटिक किती चालेल याच्या मर्यादा जानेवारी २०२० मध्ये केंद्र सरकारच्या मसुद्यात आल्या होत्या. २०२१ च्या ऑगस्टमध्ये अंतिम अधिसूचना निघाली, तेव्हा त्या मर्यादा तीत नव्हत्या.