ॲमिनो आम्ले

ॲमिनो आम्ले : सजीवांतील प्रथिने ज्यांच्या जोडणीतून तयार होतात, अशा लहान सेंद्रिय रेणूंचा वर्ग. यांच्या मध्यवर्ती कार्बन अणूला नायट्रोजनयुक्त ॲमिनो गट, आम्लधर्मी कार्बॉक्सिल गट, एक हायड्रोजन अणू आणि एक पार्श्वसाखळी जोडलेली असते. एका ॲमिनो आम्लाचे दुसऱ्यापासूनचे वेगळेपण या पार्श्वसाखळीवर अवलंबून असते. ग्लायसिनात तिच्या जागी केवळ एक हायड्रोजन अणू असतो, सिस्टीनात तिच्यात गंधक असते, तर ट्रिप्टोफॅनात ती दोन वलयांची बनलेली असते.

पहिले ॲमिनो आम्ल, ॲस्परॅजिन, व्होकलां व रोबिके या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी 1806 मध्ये ॲस्परॅगस या भाजीच्या रसातून वेगळे केले. 1820 मध्ये ब्राकोनो यांनी जिलेटिनावर सल्फ्युरिक आम्लाची क्रिया करून गोड चवीचे ग्लायसिन मिळवले. प्रथिनांत नेहमी आढळणाऱ्या 20 ॲमिनो आम्लांपैकी थ्रिओनिन सर्वांत शेवटी, 1935 मध्ये, विल्यम रोझ यांना सापडले.

एका ॲमिनो आम्लाचा कार्बॉक्सिल गट आणि दुसऱ्याचा ॲमिनो गट यांच्यातून पाण्याचा एक रेणू बाहेर पडला, की पेप्टाइड बंध तयार होतो, आणि अशा बंधांनी जुळत गेलेली साखळी घड्या पडून प्रथिनाचा कार्यक्षम आकार घेते. साखळीतील क्रम डीएनएमधील आनुवंशिक संकेत ठरवतो. त्यातील 64 त्रिकांपैकी (तीन-तीन रासायनिक अक्षरांच्या गटांपैकी) 61 त्रिके ॲमिनो आम्ले दर्शवतात व उरलेली 3 साखळी संपल्याची खूण ठरतात. या संकेताच्या उलगड्यासाठी हरगोविंद खुराना यांना निरेनबर्ग व हॉली यांच्यासह 1968 चे नोबेल पारितोषिक मिळाले.

क्रमातील एका बदलाचे परिणाम किती दूरगामी होतात, हे सिकलसेल आजारात दिसते. हिमोग्लोबिनाच्या 146 ॲमिनो आम्लांच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी जलविरोधी व्हॅलिन आल्यामुळे, ऑक्सिजन सोडलेले रेणू एकमेकांना चिकटून ताठ तंतू बनतात, तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकतात. महाराष्ट्रात विदर्भ व नंदुरबार भागांतील आदिवासी समाजांत हा आनुवंशिक आजार विशेष आढळतो.

मानवी शरीर 9 ॲमिनो आम्ले स्वतः पुरेशी तयार करू शकत नाही. ती आहारातूनच मिळवावी लागत असल्याने त्यांना आवश्यक ॲमिनो आम्ले म्हणतात. तांदूळ, गहू, ज्वारी या तृणधान्यांत लायसिन कमी असते, तर डाळींत ते भरपूर असून मेथिओनिन कमी असते. त्यामुळे वरण-भात किंवा आमटी-भाकरी अशा आहारात एकाची उणीव दुसऱ्याने भरून निघते. मेदाप्रमाणे ॲमिनो आम्लांचा वेगळा साठा शरीरात होत नाही. गरजेपेक्षा जास्त झालेल्यांतील नायट्रोजनाचा यकृतात यूरिया बनतो व तो मूत्रावाटे बाहेर टाकला जातो, तर उरलेला कार्बनयुक्त भाग ऊर्जेसाठी वापरला जातो किंवा त्याचे ग्लुकोज वा मेदात रूपांतर होते.