निकॉर 105ची दोन कुळे

जपानच्या निप्पॉन कोगाकू या कंपनीच्या, म्हणजे आजच्या निकॉनच्या, 105 मिलिमीटर नाभीअंतराच्या आणि एफ/2.5 छिद्राच्या निकॉर या नावाच्या लेन्सविषयी जुनी घ्यावी की नवी असा वाद होतो, तेव्हा तो बहुधा बाह्यरूपावरून होतो. धातूची खाचदार कडी असलेली ती जुनी आणि रबराचा पट्टा असलेली ती नवी, असा सर्रास समज आहे. वास्तविक या लेन्सच्या इतिहासातील खरी फूट 1971 साली पडली आणि ती बाहेरून दिसत नाही. त्या वर्षी आतली भिंगांची रचनाच बदलली आणि एका कुळाच्या जागी दुसरे कुळ आले.

पहिले कुळ सोनारचे. ड्रेस्डेनच्या एर्नेमान कंपनीत असताना लुडविग बेर्टेले या तरुण रचनाकाराने 1920च्या दशकात एर्नोस्टार ही त्या काळी अचाट वाटावी इतक्या मोठ्या छिद्राची लेन्स तयार केली. पुढे एर्नेमान झाइस इकॉन समूहात विलीन झाल्यावर त्याने तीच कल्पना विकसित केली आणि 1932 साली कॉन्टॅक्स कॅमेऱ्यासाठी सोनार बाजारात आली. तिचे मर्म भिंगांच्या संख्येपेक्षा त्यांच्या जोडणीत होते. काच आणि हवा जेथे भेटतात अशा प्रत्येक पृष्ठभागावर, लेप नसल्यास, सुमारे चार ते पाच टक्के प्रकाश परावर्तित होतो. तो केवळ वाया जात नाही, तर लेन्सच्या आतच भटकून चित्रावर धुके पसरवतो. बेर्टेलेने भिंगे एकमेकांना चिकटवून गट कमी केले, त्यामुळे तीन गटांच्या सोनारमध्ये असे पृष्ठभाग सहाच उरले.

दुसरे कुळ वयाने थोरले, पण उशिरा भरभराटीस आलेले. गणितज्ञ कार्ल फ्रीडरिश गाउस याने 1817 साली दुर्बिणीसाठी सुचवलेली दोन भिंगांची जोडी अमेरिकेत अल्व्हन क्लार्क याने 1888 साली छिद्राच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर ठेवली, आणि 1896 साली झाइसच्या पाउल रुडॉल्फने त्यातून प्लानार घडवली. ही रचना दोष निवारण्यात सरस होती, परंतु तिच्यात चार गट, म्हणून हवेला लागलेले आठ पृष्ठभाग होते आणि त्या काळी हा दोष तिला भोवला. 1935 साली झाइसच्या अलेक्झांडर स्माकुलाने परावर्तनरोधक लेपाची पद्धत शोधली. युद्धानंतर असे लेप सर्वत्र रूढ झाले, तेव्हा कुठे गाउस कुळाला दिवस आले.

निप्पॉन कोगाकूचे युद्धोत्तर नाव झाले ते सोनारच्याच वळणावर. 1950 साली टोकियोत आलेला लाइफ नियतकालिकाचा छायाचित्रकार डेव्हिड डग्लस डंकन 85 मिलिमीटर निकॉरची चित्रे पाहून थक्क झाला, त्याच वर्षी पेटलेल्या कोरियन युद्धात त्याने जपानी लेन्स वापरल्या आणि वर्षअखेरीस त्यांची वार्ता न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रात पोहोचली. त्यानंतरच्या काही वर्षांत 105 मिलिमीटरची लेन्स आली, तीही पाच भिंगांची आणि तीन गटांची सोनारच. 1959 साली निकॉन एफ हा आरशाचा कॅमेरा निघाला तेव्हा पन्नास मिलिमीटरच्या सोनारला तेथे थारा मिळाला नाही, कारण तिचे मागचे भिंग फिल्मच्या इतके जवळ लागे की आरशाला हलायला जागा उरत नसे. 105 मिलिमीटरला ती अडचण नव्हती. म्हणून ती टिकली.

मग 1971 साली ती का बदलली? कारण बरेचसे अंतराचे आहे. सोनारची दुरुस्ती दूरच्या विषयासाठी साधलेली होती. विषय जवळ येई तसे गोलीय विपथन, म्हणजे भिंगाच्या कडेने आणि मध्याने आलेले किरण एकाच बिंदूत न मिळण्याचा दोष, वाढत जाई. चेहऱ्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या लेन्सला हे खटकणारच. नव्या रचनेत पाच भिंगे चार गटांत मांडली गेली, तिचे नाते गाउस कुळाशी आहे, आणि जवळच्या अंतरावर ती स्पष्टपणे सरस ठरली. स्टीव्ह मॅकरी याने 1984 साली पेशावरजवळच्या निर्वासित छावणीत घेतलेले, पुढे नॅशनल जिओग्राफिकच्या जून 1985च्या मुखपृष्ठावर झळकलेले अफगाण मुलीचे चित्र याच नव्या कुळाच्या लेन्सचे आहे. त्या कीर्तीचा हवाला देऊन सोनार विकणारे विक्रेते ग्राहकाची दिशाभूल करतात.

घोळ नावामुळे वाढला. निकॉरपुढचे पी हे अक्षर पाच भिंगे दर्शवते आणि भिंगे दोन्ही रचनांत पाचच असल्याने 1971 नंतरही काही वर्षे तेच अक्षर तशाच धातूच्या आवरणावर राहिले. त्यापुढे येणारे सी तर अधिकच फसवे आहे: पन्नाशीच्या दशकातील लेन्सवर ते साध्या एकेरी लेपाची खूण होते, लेप सर्वसाधारण झाल्यावर ते गळाले आणि सत्तरीच्या दशकात बहुस्तरीय लेपाची खूण म्हणून परतले. खात्रीची पारख मागच्या बाजूने होते. लेन्स उलटी धरल्यावर मागचे भिंग लहान दिसले तर ती सोनार. ते मोठे असेल तर नवी.

निवड करताना नवी रचना सरसकट श्रेष्ठ मानणे घाईचे ठरेल. छिद्र पूर्ण उघडून जवळून घेतलेल्या चेहऱ्यावर सोनार जी किंचित मऊ छटा देते ती दोषातून आलेली असली, तरी अनेकांना तीच हवी असते. मात्र तपशील, समोरचा उजेड आणि जवळचे अंतर महत्त्वाचे असल्यास नवीच घ्यावी. सोनारमध्ये आणखी एक व्यावहारिक पेच आहे. 1977 साली निकॉनने छिद्राची माहिती कॅमेऱ्याला कळवण्याची पद्धत बदलली. त्याआधीच्या, छिद्राची कडी न बदललेल्या लेन्स काही अपवाद वगळता नंतरच्या कॅमेऱ्यांवर बसवल्यास कॅमेऱ्याच्या मुखाजवळची कळ मोडू शकते. कडी बदललेली किंवा घासून योग्य केलेली सोनार मिळाली तर हा प्रश्न मिटतो, आणि आरसा नसलेल्या कॅमेऱ्यावर अडॅप्टर लावून वापरायची असेल तर तो उद्भवतच नाही. मुंबई-कोकणच्या दमट हवेत राहिलेली लेन्स असेल तर कूळ पाहण्याआधी ती टॉर्चच्या उजेडात धरून बुरशी पाहावी.