एक सार, तीन पदार्थ : जपानी भोजनविचाराचा इतिहास आणि ग्राफिक डिझाइनच्या विद्यार्थ्याचा पोर्टफोलिओ

प्रास्ताविक

ग्राफिक डिझाइनचे शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्याला अभ्यासक्रमाच्या अखेरीस आपल्या निवडक कामांचा संग्रह, म्हणजेच पोर्टफोलिओ, सादर करावा लागतो. या संग्रहाची मांडणी एखाद्या मध्यवर्ती कल्पनेभोवती करण्याची पद्धत आता रूढ झाली आहे. अशा कल्पनांमध्ये जपानी भोजनविचाराला विशेष आकर्षण लाभलेले दिसते. भाताबरोबर एक सार आणि तीन पदार्थ ही 'इचिजू सानसाइ'ची रचना, ताटातील मोकळी जागा, पाच रंगांचा मेळ, पोट पूर्ण भरण्याआधी थांबण्याचा संयम ही सूत्रे पानाच्या मांडणीला सहज लागू पडतात. त्यामुळे पांढरे पान, मोजका मजकूर आणि कोपऱ्यात एक लाल ठिपका एवढ्या सामग्रीवर 'जपानी' म्हणवणारा संग्रह तयार होऊ शकतो.

अशा संग्रहाचे मूल्यमापन करताना अध्यापकापुढे एक प्रश्न उभा राहतो. विद्यार्थ्याने विचार स्वीकारला आहे की केवळ त्याचे बाह्यरूप? या प्रश्नाचे उत्तर सौंदर्यशास्त्राइतकेच इतिहासातही शोधावे लागते. जपानी भोजनविचार हा प्राचीन काळापासून अखंड चालत आलेला एकसंध विचार नाही. मठ, चहागृह, नाट्यगृह, युद्धकालीन शासन आणि आधुनिक बाजारपेठ अशा भिन्न ठिकाणी, भिन्न कारणांनी तो घडत गेला. या घडणीतील प्रमुख टप्पे तपासून डिझाइनच्या शिक्षणाशी त्यांचा संबंध स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

मठातील पात्रे

जपानमध्ये स्वयंपाक आणि भोजन यांना साधनेचा दर्जा देणारे प्रमुख विचारवंत म्हणजे सोतो झेन पंथाचे प्रवर्तक दोगेन (१२००–१२५३) हे होत. १२२३ मध्ये ते चीनला गेले. जहाज बंदरात असतानाच एका मठाचा वृद्ध मुदपाकप्रमुख जहाजावर खरेदीसाठी आला. तो जपानी वाळवलेली अळंबी घेण्यासाठी आला होता, असा या प्रसंगाचा अर्थ परंपरेने लावला जातो. ध्यान आणि ग्रंथाध्ययन सोडून या वयात स्वयंपाकाची यातायात कशासाठी, असे तरुण दोगेन यांनी त्याला विचारले. साधना म्हणजे काय हे तुम्हाला अद्याप उमगलेले नाही, अशा आशयाचे उत्तर त्यांना मिळाले. पुढे १२३७ मध्ये लिहिलेल्या 'तेन्झो क्योकुन' या ग्रंथात दोगेन यांनी हा प्रसंग नोंदवला आणि मुदपाकप्रमुखाची कर्तव्ये तपशीलवार सांगितली.

या ग्रंथात सहा रसांचा उल्लेख येतो, ही बाब भारतीय वाचकाला लक्षणीय वाटेल. तिखट, आंबट, गोड, कडू आणि खारट हे पाच रस आपल्या षड्रसांशी जुळतात. सहावा मात्र कषाय नसून 'सौम्य' आहे. पदार्थाच्या मूळ चवीला वाव देणाऱ्या या सौम्य रसाला स्वतंत्र स्थान देणे हे पुढील काळातील जपानी अभिरुचीच्या दृष्टीने अर्थपूर्ण ठरते.

मठातील भोजनाची 'ओर्योकी' ही पद्धतही येथे विचारात घेतली पाहिजे. एकात एक बसणारी पात्रे कापडात गुंडाळलेली असतात. ती ठरलेल्या क्रमाने उलगडली जातात, जेवणानंतर जागेवरच गरम पाण्याने धुतली जातात आणि पुन्हा तशीच बांधली जातात. आकार, क्रम, प्रमाण आणि साठवण यांचा एकत्रित विचार करणारी ही रचना आहे. तिचा हेतू मात्र प्रेक्षणीयतेचा नव्हता. भिक्षूने आवश्यक तेवढेच घ्यावे आणि काही वाया जाऊ देऊ नये, या नियमातून तिचे रूप सिद्ध झाले.

चहागृहातील जेवण

मध्ययुगीन जपानमधील सरदार वर्गात 'होन्झेन' ही मेजवानीची पद्धत प्रतिष्ठित होती. पाहुण्यापुढे एकामागून एक चौरंगासारखी तबके मांडली जात. त्यांतील काही पदार्थ खाण्यापेक्षा दाखवण्यासाठीच असत. या वैभवप्रदर्शनाच्या पार्श्वभूमीवर सोळाव्या शतकात चहाविधीच्या आचार्यांनी आटोपशीर भोजनाचा पुरस्कार केला. सेन नो रिक्यू (१५२२–१५९१) हे त्यांतील सर्वांत प्रभावी नाव होय. एक सार आणि दोन-तीन पदार्थ एवढेच जेवण, तेही गरम असताना आणि खाता येईल इतकेच वाढलेले, ही त्या पद्धतीची वैशिष्ट्ये होती.

तथापि या साधेपणाकडे दारिद्र्याचे प्रतीक म्हणून पाहता येणार नाही. रिक्यू हे साकाई या संपन्न बंदरातील व्यापारी कुटुंबातील होते. ओदा नोबुनागा आणि तोयोतोमी हिदेयोशी या सत्ताधीशांच्या पदरी त्यांनी चहागुरू म्हणून काम केले. हिदेयोशीने १५८६ मध्ये सम्राटाच्या प्रासादात सोन्याने मढवलेली चहाची खोली उभारली, तर रिक्यूंच्या नावाशी जोडली गेलेली ताइआन ही खोली अवघ्या दोन चटयांची आहे. एकाच दरबाराच्या आश्रयाने ही दोन टोके नांदत होती. १५९१ मध्ये हिदेयोशीच्या आज्ञेवरून रिक्यूंना आत्महत्या करावी लागली. साधेपणाचा हा विचार सत्तेच्या सान्निध्यात वाढला आणि सत्तेच्या रोषालाही बळी पडला.

या भोजनाचे 'काइसेकी' हे नावही इतिहासाच्या दृष्टीने उद्बोधक आहे. आरंभी ते 'बैठक' वा 'मेळावा' या अर्थाच्या चिन्हांनी लिहिले जाई. 'कुशीतील दगड' असा अर्थ देणारी चिन्हे सतराव्या शतकाच्या अखेरच्या 'नाम्पोरोकू' या ग्रंथात आढळतात. भूक शमवण्यासाठी भिक्षू गरम दगड पोटाशी धरीत, हा संदर्भ त्यामागे आहे. उच्चार तोच राहिला, पण लिपिचिन्हे बदलताच मेजवानीला वैराग्याची पार्श्वभूमी लाभली. हा ग्रंथ रिक्यूंच्या शिष्याचा म्हणून प्रसिद्ध असला, तरी रिक्यूंच्या मृत्यूनंतर सुमारे शंभर वर्षांनी त्याची रचना झाली असे अभ्यासक मानतात. परंपरेची प्रतिमा अक्षरांतूनही घडवली जाते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

अक्षराकडून ताटाकडे

विसाव्या शतकात अक्षरकला आणि भोजन यांची प्रत्यक्ष सांगड किताओजी रोसानजिन (१८८३–१९५९) यांच्या कार्यात पडली. त्यांची सुरुवात सुलेखनकार, मुद्राकोरक आणि दुकानांच्या कोरीव पाट्या करणारे कारागीर म्हणून झाली. १९०४ मध्ये त्यांच्या सुलेखनाला टोकियोतील प्रदर्शनात प्रथम पारितोषिक मिळाले. पुढे त्यांनी जुन्या वस्तूंचे दुकान काढले आणि ग्राहकांना तेथील जुन्या भांड्यांतच जेवण वाढण्यास आरंभ केला. त्यातून १९२१ मध्ये 'बिशोकू क्लब' हे सदस्यांसाठीचे भोजनमंडळ आणि १९२५ मध्ये 'होशिगाओका सार्यो' हे भोजनगृह उभे राहिले. मनासारखी भांडी पुरेशी मिळेनात, तेव्हा त्यांनी १९२७ मध्ये कामाकुराजवळ स्वतःची भट्टी सुरू केली.

पाटीवरील अक्षर आणि त्याभोवतीची जागा यांचा जो संबंध त्यांना परिचित होता, तोच त्यांनी पदार्थ आणि ताट यांच्यात शोधला. मात्र त्यांच्या भोजनगृहाचे आश्रयदाते राजकारण आणि उद्योग या क्षेत्रांतील धनिक होते. मोजकेपणाची किंमत येथे मोठी होती, हे विसरून चालणार नाही.

डबा : मांडणी, युद्ध आणि स्मृती

मठ आणि चहागृह यांच्याबाहेर जपानी भोजनरचना सर्वसामान्यांच्या हाती आली ती 'बेन्तो' म्हणजे डब्याच्या रूपाने. एदो काळात नाटकाच्या दोन अंकांदरम्यान खाल्ल्या जाणाऱ्या डब्याला 'माकुनोउची', म्हणजे 'पडद्यांमधला', असे नाव मिळाले. दुसरा एक प्रकार 'शोकादो' या नावाने ओळखला जातो. शोकादो शोजो (१५८४–१६३९) या भिक्षू-सुलेखनकाराजवळ उभ्याआडव्या फळ्यांनी चार समान कप्पे केलेली एक पेटी होती. ती तो रंग वा तंबाखू ठेवण्यासाठी वापरी. १९३० च्या दशकात ओसाकातील 'कित्चो' या भोजनगृहाचे संस्थापक युकी तेइइची यांनी त्या पेटीवरून जेवणाचा डबा तयार केला. ग्राफिक डिझाइनमध्ये पानाच्या रचनेचा आधार मानली जाणारी चौकट येथे रंगपेटीतून डब्यात आली.

या डब्याच्या इतिहासाला एक काळी बाजू आहे. पांढऱ्या भाताच्या मधोमध खारवलेले एक लाल 'उमे' फळ ठेवलेला 'हिनोमारू बेन्तो' हा राष्ट्रध्वजाचे रूप धारण करतो. सप्टेंबर १९३९ पासून दर महिन्याच्या पहिल्या दिवशी युद्धकार्यासाठी काटकसरीचा सेवादिन पाळण्यात येऊ लागला. त्या दिवशी हाच डबा खाण्याचा आग्रह धरला जाई. १९४० मध्ये चैनीला शत्रू ठरवणारे फलक टोकियोच्या रस्त्यांवर झळकले आणि १९४१ पासून मोठ्या शहरांत तांदळाचे नियंत्रित वाटप सुरू झाले. मठात स्वेच्छेने स्वीकारलेला संयम येथे शासनाने लादलेल्या टंचाईचे भूषण बनला. रचना तीच होती : पांढरी पार्श्वभूमी आणि एक लाल बिंदू. अर्थ मात्र पूर्णतः बदलला होता.

६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर अणुबॉम्ब टाकण्यात आला. तेथील शांतता स्मारक संग्रहालयात एका शाळकरी मुलाचा डबा जतन करण्यात आला आहे. त्यातील न खाल्लेले अन्न जळून कोळसा झाले आहे. जपानी डब्याच्या सौंदर्याची कोणतीही चर्चा या वस्तूला वगळून पूर्ण होऊ शकत नाही.

औद्योगिक डिझाइनर एकुआन केन्जी (१९२९–२०१५) यांचे कार्य या पार्श्वभूमीवर पाहणे आवश्यक आहे. त्यांचे वडील हिरोशिमातील बौद्ध पुरोहित होते. बॉम्बहल्ल्यात एकुआन यांची बहीण मृत्युमुखी पडली आणि किरणोत्सर्गाच्या परिणामाने वडीलही दगावले. सर्वस्व नष्ट झालेल्या शहरात माणसाच्या हाताला लागणाऱ्या वस्तूंविषयीची ओढ आपल्याला या क्षेत्राकडे घेऊन आली, असे त्यांनी नंतर सांगितले. टोकियोच्या कला विद्यापीठात शिकत असतानाच प्राध्यापक कोइके इवातारो यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी सहाध्यायांसह एक गट स्थापन केला. 'जीके' ही पुढे ख्यातनाम झालेली संस्था या विद्यार्थिगटातूनच वाढली.

एकुआन यांनी घडवलेली किक्कोमान सोया सॉसची लाल झाकणाची बाटली १९६१ मध्ये बाजारात आली. मोठ्या बाटलीतून लहान भांड्यात सॉस ओतून घेण्याचे घरोघरीचे कष्ट तिने वाचवले आणि थेंब ओघळू न देणारी तोटी दिली. १९८० मध्ये त्यांनी माकुनोउची डब्याच्या सौंदर्यावर ग्रंथ लिहिला. मर्यादित जागेत विविध पदार्थांना परस्परांना न दडपता स्थान देणे हे उत्पादननिर्मितीचेच तत्त्व आहे, अशी त्यांची धारणा होती. विपुलता आणि मर्यादा यांचा हा मेळ अभावाचा अनुभव घेतलेल्या पिढीचा होता.

वेष्टन आणि रिकामी जागा

युद्धोत्तर औद्योगिकीकरणात पारंपरिक वेष्टने झपाट्याने लोप पावू लागली. ग्राफिक डिझाइनर ओका हिदेयुकी यांनी भाताचा पेंढा, बांबू, पाने, कागद यांच्या वेष्टनांचा संग्रह करून १९६५ मध्ये तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. पेंढ्यात ओळीने बांधलेली पाच अंडी हे त्यातील सर्वांत परिचित उदाहरण. भातशेतीत उरणाऱ्या पेंढ्यातून नाजूक वस्तू सुरक्षित नेण्याची ती ग्रामीण युक्ती होती.

१९८० मध्ये सेइयू या विक्रीसाखळीने 'मुजिरुशी र्योहिन', म्हणजेच 'मुजी', ही उत्पादनमालिका सुरू केली. आरंभीच्या ४० वस्तूंपैकी ३१ खाद्यपदार्थ होते, ही बाब फारशी लक्षात घेतली जात नाही. त्यांत तुटलेल्या शिइताके अळंबीचा समावेश होता. अळंबी सारासाठी भिजवायची असेल तर तिचा आकार अखंड असण्याची गरज नाही. मग निवडण्याचा खर्च वाचवून ती स्वस्त का विकू नये, असा त्यामागील विचार होता. वेष्टनही त्यानुसार साधे ठेवण्यात आले. कलादिग्दर्शक तानाका इक्को (१९३०–२००२) आणि त्यांच्यानंतर हारा केन्या यांनी या विचाराला दृश्यरूप दिले. हारा यांनी 'रिक्तता' ही संकल्पना मांडताना चहागृहाच्या परंपरेचा आधार घेतला. मात्र या रिक्ततेच्या मुळाशी तुटक्या अळंबीचा व्यवहार होता, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

२०१३ मध्ये युनेस्कोने 'वाशोकू' या जपानी आहारपरंपरेचा अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला. 'वाशोकू' ही संज्ञा पाश्चात्त्य जेवणापासून वेगळेपण दाखवण्यासाठी मेइजी काळानंतर रूढ झालेली आहे. जागतिक मान्यतेमुळे ही परंपरा अधिक एकसंध आणि अधिक प्राचीन भासू लागली. विद्यार्थ्याच्या हाती येते ती बहुधा हीच प्रतिमा.

पोर्टफोलिओच्या संदर्भात

वरील विवेचनातून एक समान सूत्र हाती लागते. प्रत्येक टप्प्यावर काहीतरी वगळले गेले आणि त्या वगळण्याला निश्चित कारण होते. मठात ते अपव्यय टाळण्याचे, चहागृहात पाहुण्याकडे लक्ष देण्याचे, मुजीमध्ये उत्पादनखर्चाचे होते, तर युद्धकाळात आज्ञापालनाचे. म्हणून विद्यार्थ्याने पोर्टफोलिओत वीसऐवजी चार कामे ठेवली, तर ती का ठेवली हे त्याला सांगता आले पाहिजे. पानावरील मोकळी जागा वाचकाला कशाकडे नेते, संग्रहाचे वेष्टन आतील कामाचे कोणते रक्षण करते, कामांचा क्रम कोणत्या अनुभवाची उभारणी करतो, हे प्रश्न विचारण्याजोगे आहेत. सारासारखे एखादे काम बाकीच्यांना जोडणारे असावे आणि भातासारखे एखादे सर्वांना आधार देणारे असावे, ही अपेक्षाही या रचनेतूनच येते.

पांढऱ्यावरील लाल वर्तुळाचा वापर करणाऱ्या विद्यार्थ्याला १९३९ चा डबा ठाऊक असणे अगत्याचे आहे. तो वापर त्याने टाळावा, असा याचा अर्थ नाही. परंतु वापरलेल्या चिन्हाचा इतिहास माहीत असणे ही त्या चिन्हाप्रती असलेली किमान जबाबदारी होय.

समारोप

जपानी भोजनविचाराचे ऐतिहासिक स्वरूप पाहता पुढील निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, हा विचार एकाच काळात वा एकाच वर्गात निर्माण झालेला नसून भिक्षू, व्यापारी, कारागीर, शासन आणि उद्योग यांनी तो वेळोवेळी नव्याने घडवला. दुसरा असा की, मोजकेपणाचे दृश्यरूप सारखे असले तरी स्वेच्छेचा संयम आणि लादलेली टंचाई या भिन्न गोष्टी आहेत, आणि केवळ रूप पाहून त्यांतील भेद कळत नाही. तिसरा असा की, रोसानजिन, एकुआन, ओका आणि तानाका यांनी परंपरेची नक्कल न करता आपल्या काळाची गरज ओळखून तिचा उपयोग केला.

डिझाइनच्या वर्गात इतिहासाचे अध्यापन अनेकदा पूरक विषय म्हणून मागे पडते. प्रस्तुत उदाहरणावरून दिसते की कामाची पारख करण्याचे साधनच इतिहास पुरवतो. आपण काय वगळले आणि कोणासाठी वगळले, हे सांगू शकणारा विद्यार्थी या परंपरेच्या जवळ पोहोचला असे म्हणता येईल, मग त्याच्या पानावर जपानचे एकही चिन्ह नसले तरी चालेल.