आनंदीबाई जोशी ह्यांच्या एका छायाचित्रावरील लेख

उल्हास नदी कल्याणावरून वाहत येऊन वसईच्या खाडीनें समुद्रास मिळते. ज्या चिंचोटी गांवाहून आम्ही हें टिपण लिहीत आहों, तें ह्याच खाडीच्या उत्तरेस आहे. खाडीच्या वरच्या अंगास असलेल्या कल्याणच्या जोशी घराण्यांतील एक मुलगी वैद्यकाची विद्यार्थिनी होऊन अमेरिकेस गेली, हें वाचकांस विदित आहेच. तिच्या विद्यार्थिदशेच्या एका साधनाची परीक्षा, आपण जुन्या कागदाची करतों त्याच रीतीनें, येथें करावयाची आहे.

सदर साधन म्हणजे फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यक महाविद्यालयांत ता. १० ऑक्टोबर १८८५ रोजीं घेतलेलें छायाचित्र होय. त्यांत आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी व सीरियाच्या साबात इस्लांबुली अशा तिघी आपापल्या देशाच्या पोषाखांत बसलेल्या आहेत. चित्राखालीं इंग्रजींत तिघींचीं नांवें व गांवें लिहिलेलीं आहेत. ह्या लेखांत तीन गोष्टी विचारार्ह आहेत.

पहिली अशी कीं, तिघींच्याहि नांवामागें ‘डॉक्टर’ हें पद आहे. परंतु आनंदीबाईंस पदवी मिळाली ती ता. ११ मार्च १८८६ रोजीं. ओकामींस १८८९ सालीं व इस्लांबुलींस १८९० सालीं. अर्थात् चित्र १८८५ चें असलें तरी त्याखालील लेख मागाहूनचा, बहुधा १८९० नंतरचा, असला पाहिजे.

दुसरी गोष्ट, आनंदीबाईंचें गांव ‘सेरॅनिसोर’ असें छापलेलें आढळतें. ह्या नांवाचें गांव आमच्या माहितींत नाहीं. तें बंगाल्यांतील सेरामपूर, म्हणजेच श्रीरामपूर, होय. रोमन अक्षरांच्या वळणांत ‘एम्’ व ‘पी’ ह्यांचे फांटे मिसळून हा अपपाठ झाला, असें आमचें मत आहे. गोपाळराव टपालखात्याच्या नोकरींत तेथें होते, तेथेंच ता. २४ फेब्रुवारी १८८३ रोजीं आनंदीबाईंनीं आपण अमेरिकेस कां जातों ह्याविषयीं जाहीर भाषण केलें, व ता. ७ एप्रिल रोजीं कलकत्त्याहून गलबतावर पाय ठेविला. तेव्हां हें गांव जन्माचें किंवा माहेरचें नव्हे, प्रस्थानाचें आहे. तिसरी गोष्ट, ‘साबात’ ह्याचें ‘ताबात’ झालेलें आढळतें, तेंहि आद्याक्षराच्या अशाच घोटाळ्यानें.

हा विचार केवळ अक्षरांचा नव्हे. लेखावर विसंबल्यास चित्रांत तीन कृतकार्य डॉक्टर दिसतात. वस्तुतः त्या तीन विद्यार्थिनी होत्या, व पुढें काय वाढून ठेविलें आहे हें एकीसहि ठाऊक नव्हतें. ओकामींनीं टोकियोस परतून रुग्णालयांत काम केलें. इस्लांबुली दमास्कसला व पुढें कैरोस गेल्या. आनंदीबाईंची नेमणूक कोल्हापूरच्या रुग्णालयांत स्त्रियांच्या विभागावर झाली होती, परंतु ता. २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं, वयाच्या २२ व्या वर्षाच्या आंतच, त्या पुण्यास वारल्या. चौदाव्या वर्षीं झालेलें स्वतःचें मूल दहा दिवसांत गमावलेल्या ह्या बाईस एकाहि रुग्णालयाचा कारभार पाहतां आला नाहीं. त्यांचें सारें वैद्यकीय कार्य म्हणजे त्यांची विद्यार्थिदशाच. म्हणून तिचें प्रत्येक साधन मोलाचें.

त्यांपैकीं मुख्य साधन त्यांचा पदवीप्रबंध. विषय, आर्य हिंदूंतील प्रसूतिशास्त्र. त्यांत पाश्चात्य ग्रंथांबरोबर आपल्याकडील जुन्या वैद्यकग्रंथांचाहि आधार घेतलेला आहे. परदेशीं शिकावयास गेलेली विद्यार्थिनी रिकाम्या हातानें गेली नव्हती, हें ह्यावरून सिद्ध होतें.

छायाचित्र व प्रबंध हीं दोन्ही फिलाडेल्फियास जतन झालीं, कारण त्या संस्थेनें विद्यार्थ्यांचे कागद दप्तरांत ठेविले. आमच्याकडे संग्राहक सनदा व बखरी जपतात. काढ्यांचीं, बाळंतपणाच्या उपचारांचीं बाडें मात्र रद्दींत जातात. उत्तर कोंकणांतील घरांतून अशीं बाडें कोणापाशीं असल्यास त्यांनीं तीं टाकूं नयेत व त्यांची नोंद मंडळाकडे धाडावी, अशी आमची विनंती आहे. नोंदींत बाड कोणाचें, कोठलें व त्यावरील शेरा कोणत्या काळचा, हें वेगवेगळें लिहावें. तें न झाल्यास काय होतें, हें वरील छायाचित्रानें दाखविलेंच आहे.