कालव्याकांठचा एक दिवस

फ्रान्स देशाच्या दक्षिण भागांत, तुलूज नगरापासून भूमध्य समुद्राकांठच्या एका खाऱ्या सरोवरापर्यंत, सुमारें २४० किलोमीटर लांबीचा एक कालवा आहे. ‘कनाल द्यु मिदी’ असें त्याचें नांव. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत त्यावरील मालाची वाहतूक संपली, आणि आतां तेथें भाड्याच्या लहान नौका घेऊन सुटी घालविणारे प्रवासीच बहुधा आढळतात. ताशी आठ किलोमीटरांहून अधिक वेगानें नौका हाकण्यास मनाई आहे. सकाळीं एखाद्या खेड्याच्या धक्क्यावरून निघावें. दुपारीं नौका कांठाला बांधून गांवांत पाव व चीज खरेदी करावें, गल्ल्यांतून हिंडावें. सायंकाळीं पुढल्या गांवीं मुक्कामास जावें, असा तेथील दिनक्रम. हें स्वास्थ्य आजच्या काळाचें वाटतें. परंतु त्या दिवसाची आंखणी सतराव्या शतकांत, आणि तीही मोठ्या कष्टानें व कर्जानें झालेली आहे.

त्या काळीं अटलांटिक किनाऱ्यावरून भूमध्य समुद्रांत जाणाऱ्या जहाजास स्पेनला वळसा घालावा लागे. गारोन नदी तुलूजवरून अटलांटिककडे वाहते. तेव्हां तुलूजपासून पूर्वेकडे कालवा खणला तर हा फेरा चुकेल, हें पुष्कळांना सुचलें होतें. अडचण होती ती पाण्याची. मध्यें नोरूझ येथें जमीन समुद्रसपाटीपासून सुमारें १९० मीटर उंच. त्या माथ्यावर नौकांपुरतें पाणी आणावयाचें कोठून? हें कोडें प्येर-पोल रिके या गृहस्थानें सोडविलें. तो स्थापत्यशास्त्री नव्हता. मिठावरील कर वसूल करण्याचा मक्ता त्याच्याकडे होता. जवळच्या ‘काळा डोंगर’ नांवाच्या पर्वतांतील ओढ्यांचें पाणी एकत्र करून नोरूझला आणावें आणि तेथून तें दोन्ही उतारांवर सोडावें, ही त्याची युक्ति.

१६६६ मध्यें चौदाव्या लुईनें मंजुरी दिली. पुढील वर्षीं सां-फेरेओल येथें पाणी सांठविण्यासाठीं धरणाचें काम सुरू झालें. कामाच्या भरांत सुमारें बारा हजार माणसें राबत होतीं. त्यांत स्त्रियाही होत्या. नौका चढविण्या-उतरविण्यासाठीं जागोजाग ‘लॉक’ बांधले. लॉक म्हणजे दोन्ही टोकांस दरवाजे असलेला हौद. आंत पाणी घेतलें कीं नौका वर येते, सोडलें कीं खालीं जाते. मातीचा दाब सोसावा म्हणून या हौदांच्या भिंती कमानीसारख्या वळविल्या आहेत. बेझिए शहराजवळ तर असे आठ हौद पायऱ्यांसारखे एकास एक लागून बांधले.

सरकारी पैसा अपुरा पडला तेव्हां रिकेनें स्वतःची मालमत्ता कामांत घातली. १ ऑक्टोबर १६८० रोजीं तो वारला. कालवा खुला झाला मे १६८१ मध्यें. त्याच्या वारसांस कर्जांतून मोकळें होण्यास पुढें चाळीस वर्षांहून अधिक काळ लागला.

घोड्यांनीं ओढलेली टपालनौका तुलूजहून आग्द बंदरास चार दिवसांत पोहोंचे. उतारूंच्या दुपारच्या जेवणाच्या व रात्रीच्या निजण्याच्या जागा ठरलेल्या असत. ल सोमाय हें खेडें अशीच रात्रीची वस्ती. जुना पूल, लहानसें प्रार्थनामंदिर व उतारशाळेची इमारत हीं तेथें आजही जवळजवळ उभीं आहेत. १७८७ मध्यें अमेरिकेचे फ्रान्समधील वकील टॉमस जेफरसन या वाटेनें गेले, तेव्हां त्यांनीं आपल्या घोडागाडीचीं चाकें काढून ती नौकेवर ठेविली होती. कारकासोन शहरानें मात्र खर्चाचा वाटा उचलला नाहीं, म्हणून कालवा त्यास टाळून गेला. अखेर नवा मार्ग खणून १८१० मध्यें तो शहरापाशीं आणावा लागला.

१८५७ मध्यें बोर्दोहून सेत बंदरापर्यंत आगगाडी धांवूं लागली, आणि पुढच्याच वर्षीं कालवाही त्याच रेल्वे कंपनीकडे भाडेपट्ट्यानें गेला. प्रतिस्पर्ध्याच्या हातीं पडलेल्या मार्गाची भरभराट कशी व्हावी? व्यापार ओसरला, कांठचीं खेडीं लहानच राहिलीं. आज प्रवाशांस त्यांची जी शांतता आवडते, ती त्या ओहोटीचीच देणगी म्हणावी लागेल. १९९६ मध्यें युनेस्कोनें हा कालवा जागतिक वारशांत समाविष्ट केला.

एकोणिसाव्या शतकांत कांठांवर लाविलेल्या चिनार जातीच्या वृक्षांची दाट सावली हें या कालव्याचें मोठें वैभव. २००६ मध्यें त्यांवर एका बुरशीचा रोग आढळला. ती पाण्याबरोबर पसरते, म्हणून हजारों झाडें तोडावीं लागलीं. त्यांच्या जागीं नवीं रोपें लाविली जात आहेत. त्यांची सावली दाट होईपर्यंत लावणाऱ्यांपैकीं किती हयात असतील? रिकेनेंही आपल्या संपूर्ण कालव्यावरून एकही नौका गेलेली पाहिली नाहीं.